गर्दी कोणी केली?

चोपडा, शिरपूर किंवा फैजपूर येथे औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या घरी दोन स्वप्ने एकाच वेळी पाहिली जातात. गावात स्वतःचे मेडिकल दुकान निघावे, हे पहिले. ते न जमल्यास मुलाने परदेशी जावे, हे दुसरे. कापूस किंवा केळी विकून ज्याची फी भरली गेली, तो मुलगा टोरांटो, लंडन किंवा रियाध येथे पोचला की त्याला एक नवीन ओळख चिकटते. तेथील व्यावसायिकांच्या लेखी तो 'बाहेर शिकलेला औषधनिर्माता' ठरतो. आधीच नोकऱ्यांची चणचण असताना या बाहेर शिकलेल्यांना कामावर का घ्यावे, असा प्रश्न तेथे विचारला जातो. खानदेशात बसून या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने एक गोष्ट प्रथमच ध्यानी घेतली पाहिजे. त्या वादातील परका हा खानदेशचाच मुलगा किंवा मुलगी आहे.

हाच सवाल वेष पालटून घरच्या अंगणातही उभा राहतो. नोकरीच्या शोधात वणवण करणाऱ्या तरुणाला समोरचा स्पर्धक दिसतो. स्पर्धेचे नियम करणारा दिसत नाही. म्हणून त्याचा राग प्रथम परजिल्ह्यातल्यावर, मग परप्रांतातल्यावर आणि शेवटी परदेशी पदवी घेऊन परतलेल्यावर निघतो. हा राग समजण्याजोगा आहे. परंतु समजण्याजोगी प्रत्येक गोष्ट बरोबर असतेच असे नाही, आणि चळवळीचे काम रागाला वाट दाखविण्याचे आहे, त्याच्या मागे फरफटत जाण्याचे नव्हे.

परदेशातील दारे कशी उघडतात आणि कशी मिटतात हे पाहिले तर 'गर्दी' या शब्दाचा खरा अर्थ कळू लागतो. अमेरिकेने २००३ च्या प्रारंभापासून पदवी घेणाऱ्या परदेशी औषधनिर्मात्यांसाठी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट घातली. भारतातील बी. फार्म. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यामुळे हजारो पदवीधरांसमोर ते दार एका नियमाने बंद झाले. भारतात सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये आला तेव्हा ते किंचित किलकिले झाले, पण ज्याच्या बापाला सहा वर्षांचा खर्च झेपतो त्याच्यापुरतेच. कॅनडात कागदपत्रांची छाननी, मग मूल्यमापनाची परीक्षा, मग पात्रतेची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, असा लांबलचक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये एक वर्षाचा पूरक अभ्यासक्रम, त्यानंतर वर्षभराची उमेदवारी आणि नोंदणीची परीक्षा. सौदी अरेबियाने २०२० च्या जुलैपासून ठराविक आकाराच्या खासगी आस्थापनांत २० टक्के औषधनिर्माते स्वदेशीय असावेत असा दंडक घातला, पुढल्याच वर्षी तो ३० टक्क्यांवर नेला आणि २०२५ मध्ये आणखी वाढविला.

यांतील परीक्षांना कोणी विरोध करण्याचे कारण नाही. औषध ही साबणाची वडी नव्हे. मात्रेत चूक झाली, दोन औषधांचा परस्परविरोध ध्यानात आला नाही, तर रोगी प्राणास मुकतो. ज्या देशात काम करावयाचे तेथील भाषा, तेथील कायदा आणि तेथील औषधे माहीत असलीच पाहिजेत. आक्षेप आहे तो परीक्षेच्या आड चालणाऱ्या व्यवहाराला. परवाना मिळेपर्यंतची दोन-तीन वर्षे हा पदवीधर औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून राबतो. ज्ञान औषधनिर्मात्याचे, वेतन मदतनिसाचे, असा तो सौदा असतो. मालकाला तो हवाच असतो, कारण तो स्वस्त असतो. आणि तो स्वस्त असतो म्हणूनच स्थानिक कामगाराला तो नको असतो. म्हणजे दोघांच्या भांडणाचे मूळ पदवीच्या देशात नसून वेतनाच्या तफावतीत आहे. ती तफावत ज्याच्या खिशात जाते तो या भांडणात कधीच दिसत नाही.

शिवाय गर्दी ही काही पर्जन्यमानासारखी निसर्गाने ठरविलेली गोष्ट नव्हे. ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९९ नंतर औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणसंस्था झपाट्याने वाढल्या. २०१३ मध्ये मनुष्यबळाचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी केंद्राने अंदाज वर्तविला की २०४० पर्यंत गरजेपेक्षा ११,००० ते १९,००० औषधनिर्माते अधिक होतील. विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी काय, यावर बराच खल झाला. आणि अवघ्या आठ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच देशाने औषधनिर्माता हा व्यवसाय टंचाईच्या यादीत घातला! मधल्या काळात डॉक्टरांच्या दवाखान्यांत औषधनिर्माते नेमण्याचे धोरण आले, कामाची व्याप्ती वाढली आणि 'जादा' ठरलेली माणसे अपुरी पडली. माणसे जास्त की कमी, हे समाज त्यांच्याकडून कोणते काम घेऊ इच्छितो यावर ठरते. ज्यांना ते काम घ्यायचेच नसते ते गर्दीचा बाऊ करतात.

या देशाचा स्वतःचा वारसा याबाबतीत लाज वाटावी असा नाही. काशी हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घालणारे महादेवलाल श्रॉफ हे अमेरिकेत शिकून आलेले होते. १९४८ चा फार्मसी कायदा करताना परदेशी पदवीचे दार बंद करण्यात आले नाही. पुरेसे ज्ञान व कौशल्य यांची हमी देणारी परदेशी पदवी मान्य करण्याचा अधिकार त्याच्या १४ व्या कलमाने भारतीय फार्मसी परिषदेला दिला. त्याला एक अट जोडली, ती अशी की परदेशी नागरिकाला ही सवलत तेव्हाच मिळावी, जेव्हा त्याच्या पदवीच्या देशात तीच पदवी घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्यवसाय करू दिला जातो. ही अट सुडाची नाही, समानतेची आहे. जो न्याय तुमच्या माणसाला तोच आमच्या माणसाला, एवढेच ती सांगते.

याहून महत्त्वाची घटना १९७६ ची आहे. फाळणीनंतरची स्थलांतरे थांबली नव्हती. पूर्व बंगालमधून माणसे येतच होती. ब्रह्मदेश, श्रीलंका आणि युगांडा येथून हाकलले गेलेले किंवा जीव मुठीत धरून निघालेले भारतीय वंशाचे लोक परतत होते. त्यांत औषधांच्या व्यवसायावर पोट भरणारेही होते. त्यांचे शिक्षण परक्या मुलखात झालेले, कित्येकांची कागदपत्रे अपुरी. सुशिक्षितांच्या बेकारीचा प्रश्न तेव्हाही आ वासून उभा होता. तरीही फार्मसी कायद्यात दुरुस्ती करून कलम ३२-ब घालण्यात आले आणि पाच वर्षे या व्यवसायावर उपजीविका केलेल्या अशा विस्थापितांसाठी नोंदणीची वाट मोकळी करण्यात आली. ते वर्ष आणीबाणीचे होते. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते, आणि त्या काळातील कायद्यांकडे संशयाने पाहण्याची समाजवाद्यांना पुरेशी कारणे आहेत. पण या एका दुरुस्तीतील माणुसकी नाकारण्याचे कारण नाही. गरीब देशाने, गर्दी असताना, बाहेर शिकलेल्यांना जागा करून दिली.

मग आजची गर्दी कोठून आली? परदेशी पदवीधर मोठ्या संख्येने येऊन जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर नोकऱ्या बळकावीत आहेत, असे कोणी म्हणणार नाही. गर्दी घरीच तयार झाली आहे, आणि ती तयार करणारे परके नाहीत.

तिचे पहिले कारण शिक्षणाचा व्यापार. पदविका आणि पदवीची महाविद्यालये गरजेचा हिशेब न मांडता काढली गेली. स्वतः भारतीय फार्मसी परिषदेलाच याची धास्ती वाटली आणि तिने जुलै २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती घोषित केली. संस्थाचालक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षणसंस्था काढणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्याच्यावर मर्यादा घालावयाची तर ती कायद्याने घालावी लागेल, प्रशासकीय ठरावाने नव्हे. न्यायालयाने कायद्याचा अर्थ सांगितला. त्याला दोष देण्यात हशील नाही. दोष आहे तो निकालानंतर कायदा न करणाऱ्या राज्यकर्त्यांचा. महाविद्यालय काढण्याचा हक्क शाबीत झाला. तेथून बाहेर पडणाऱ्याला काम मिळण्याचा हक्क मात्र कोणत्याच न्यायालयात दाखल झाला नाही. २०२२ मध्ये पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वीच्या परीक्षेचे विनियम आले. म्हणजे निकृष्ट शिक्षण विकणारा मोकळा आणि ते विकत घेणारा परीक्षेच्या कचाट्यात, असा हा न्याय झाला. परीक्षा जरूर असावी, परंतु पहिली परीक्षा संस्थेची व्हावी.

दुसरे कारण सरकारच्या दारात आहे. राज्यातील जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. तींत आरोग्य विभागाची, औषधनिर्मात्याचीही पदे होती. उमेदवारांनी शुल्क भरले, पुस्तके घेतली, तालुक्याच्या गावी खोल्या केल्या. मध्ये कोविडची साथ आली. औषधे मोजून, समजावून देणाऱ्या माणसाची किंमत त्या दोन वर्षांत जेवढी कळली तेवढी पूर्वी कधी कळली नसेल. तरीही भरती रेंगाळली आणि २०२२ मध्ये ती रद्दच करण्यात आली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली. चार वर्षांहून अधिक काळ तरुणांच्या आयुष्यातून असा पुसला गेला. यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्र हेच औषधाचे एकमेव विश्वासाचे ठिकाण असते. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना वर्षानुवर्षे, चुकवून न चालणारी औषधे घ्यावी लागतात. तेथे औषधनिर्मात्याची खुर्ची रिकामी राहिली तर त्या खुर्चीचे काम दुसऱ्याच कर्मचाऱ्याच्या माथी येते. रोग्याला समजावून सांगणारा कोणी उरत नाही. एकीकडे बेकार औषधनिर्माता, दुसरीकडे औषधनिर्मात्यावाचून रोगी, आणि दोघांच्या मध्ये सरकारी फायलीचा लाल फितीचा गठ्ठा!

तिसरे कारण बोलावयास अवघड आहे, कारण त्याचे वाटेकरी पुष्कळ आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जावे, असे १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम सांगतो. फार्मसी कायद्याचे ४२ वे कलमही तेच बजावते. या नियमाचे प्रामाणिकपणे पालन झाले तर प्रत्येक मेडिकल दुकानात, उघडण्यापासून बंद होईपर्यंत, शिकलेल्या एका माणसाला काम मिळालेच पाहिजे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भिंतीवर चौकटीत टांगलेले प्रमाणपत्र असते, आणि त्याच्याखाली दहावी-बारावी झालेला पोऱ्या औषधे देत असतो. प्रमाणपत्राचा धनी दुसऱ्या गावी दुसरेच काम करीत असतो. महिन्याकाठी त्याला भाडे पोचते. दुकानदाराला पूर्ण पगार वाचतो, पदवीधराला घरबसल्या चार पैसे मिळतात, आणि कोणाचीच तक्रार नसते. तक्रार असते ती फक्त त्या रोग्याची, आणि त्याला आपण फसविले गेलो हेच ठाऊक नसते.

२०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, आयुक्त महेश झगडे यांच्या काळात, औषधनिर्मात्याच्या हजेरीचा आग्रह धरला, तपासण्या केल्या, परवान्यांवर कारवाई केली. तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचे हत्यार उपसले. कायदा पाळा म्हटल्यावर बंद पुकारावा लागतो, यातच कायदा किती पाळला जात होता याची कबुली होती. अधिकारी बदलले, मोहीम ओसरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारमधील बोगस औषधनिर्मात्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की नोंदणीकृत औषधनिर्मात्यावाचून दवाखाने-रुग्णालये चालविणे हा नागरिकांच्या आरोग्याशी खेळ आहे. प्रकरण बिहारचे असले तरी आरसा सर्व राज्यांपुढे धरलेला आहे.

छोटा दुकानदार म्हणतो की एवढा पगार दुकानाला झेपत नाही. या म्हणण्यात काही तथ्य आहे. नफ्याचा मोठा वाटा कंपन्यांकडे जातो, आणि मोठ्या साखळी दुकानांच्या सवलतींशी टक्कर देताना तालुक्याचा दुकानदार मेटाकुटीला येतो. त्याचे गाऱ्हाणे नफ्याच्या प्रमाणाबाबत असेल तर चळवळीने ते जरूर उचलावे. परंतु रोग्याचा जीव आणि शिकलेल्या तरुणाचा पगार यांतून ती तूट भरून काढण्याचा अधिकार त्याला नाही. आणि प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्या तरुणालाही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने भाड्याने दिलेला कागद म्हणजे एक जागा आहे. ती जागा त्याच्याच मागच्या बाकावर बसलेल्या मित्राची होती. गर्दीविषयी त्याने तक्रार करावी, आणि गर्दी करणाऱ्यांत त्याचाच हात असावा, हे फार काळ चालू देता येणार नाही. सभासद आणि सहानुभूतिदार यांतही असे तरुण असतील. त्यांना हे कटू सत्य ऐकविण्याचे धैर्य कार्यकर्त्यांना दाखवावे लागेल.

हा सारा हिशेब मांडल्यावर परदेशी पदवीचा प्रश्न आपल्या खऱ्या आकारात दिसू लागतो. घरी अडविलेल्या जागा मोकळ्या झाल्या तर बाहेर शिकून आलेले थोडेसे लोक कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाहीत. त्या अडविलेल्याच राहिल्या तर परदेशी पदवीधर एकही न येता बेकारी वाढत राहील. म्हणून दार बंद करा ही मागणी केवळ अनुदार नाही, ती निरुपयोगी आहे. महाराष्ट्राने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्य कारकून आणि टंकलेखक यांच्याकडे बोट दाखवून मराठी तरुणाला सांगण्यात आले की तुझी नोकरी यांनी खाल्ली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली आणि लक्षावधी गिरणी कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. त्यांची नोकरी कोणा टंकलेखकाने खाल्ली नव्हती. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्याकडे मात्र तोपर्यंत कोणी बोट दाखविले नव्हते.

खानदेशला तर दारे बंद करण्याची भाषा मुळीच शोभत नाही. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने भुसावळ-अमळनेरकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला जात आली आहेत. उधना-लिंबायतच्या वस्त्यांत आजही अहिराणी कानी पडते. तेथल्या मागांवर खानदेशी हात चालतात. सुरतेने त्यांना परके म्हणून हाकलले असते तर धुळे-जळगावच्या किती घरांत चूल पेटली असती? आंतरभारतीचे स्वप्न पाहणारे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवीत होते, एवढे तरी या भागातील कार्यकर्त्यांनी विसरू नये.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. पदवी कोणत्याही देशाची असो, ज्ञानाची कसोटी एक असावी, ती ठरलेल्या मुदतीत पार पाडता यावी आणि तिचे शुल्क गरिबाच्या आवाक्यात असावे. कसोटी उतरलेल्याला समान कामाचे समान वेतन मिळावे. उमेदवारीच्या काळात कोणालाही फुकटात किंवा अर्ध्या मोलात राबविले जाऊ नये. हाच न्याय परदेशांत भारतीय पदवीधरांना मिळावा म्हणून केंद्र सरकारने १४ व्या कलमातील समानतेचे तत्त्व घेऊन त्या त्या सरकारांशी बोलणी करावी. राज्याने नव्या महाविद्यालयांना गरजेचा हिशेब लावणारा कायदा करावा. जिल्हा परिषद आणि सरकारी रुग्णालये यांतील मंजूर पदे दरवर्षी, ठरल्या महिन्यात, भरली जावीत. आणि प्रत्येक दुकानात औषधनिर्मात्याचे नाव, छायाचित्र व हजेरीची वेळ रोग्याला वाचता येईल अशी मराठीत लावली जावी.

यांतील शेवटच्या मागणीसाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. जळगाव आणि धुळे येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या दुकानांत जावे, औषधनिर्माता कोठे आहे असे सभ्यपणे विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यावा. बेकार औषधनिर्मात्यांनी या कामात पुढे यावे. ज्या खुर्चीसाठी ते वणवण फिरतात ती त्यांना अनेकदा आपल्याच गल्लीत रिकामी सापडेल. परक्याला हाकलून एकही खुर्ची निर्माण होत नाही. अडविलेली खुर्ची मोकळी केली तर तिच्यावर बसणाऱ्याची पदवी शिरपूरची आहे की टोरांटोची, हे विचारण्याची पाळी येणार नाही. त्याला औषध कळते काय आणि त्याला पुरता पगार मिळतो काय, एवढेच विचारणे उरेल.